त्याच दारात तिसऱ्यांदा: ज्येष्ठांच्या पाठपुरावा-सर्वेक्षणाची माझी साडेसहा वर्षं

११ एप्रिल २०२५ ला माझी पीएचडीची मौखिक परीक्षा झाली. नोंदणी नोव्हेंबर २०१८ मधली. या काळात सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या तीन गावांत मी साठीपुढच्या माणसांना तीनदा भेटले: २०१९, २०२१ आणि २०२३ मध्ये. माणसं तीच आणि जवळपास सगळे प्रश्नही तेच. पुस्तकात याला अनुदैर्ध्य अभ्यास म्हणतात, आम्ही बोलताना नुसतं 'पॅनेल' म्हणतो. सुरुवात केली तेव्हा मला कुणीतरी हाताशी बसवून खर्च किती येतो, परवानगीला किती दिवस लागतात, माणूस सापडला नाही तर काय करायचं, हे सांगायला हवं होतं. आता त्याच उंबऱ्यावर उभ्या असलेल्यांसाठी हे लिहितेय.

आधी, पॅनेलच का? एकदाच सर्वेक्षण केलं तर ७५ वर्षांच्या माणसाच्या हाताची पकड साठीतल्या माणसापेक्षा कमी दिसते. ती वयाने कमी झाली, की त्याचं बालपणच उपासमारीत गेलं म्हणून मुळातच कमी होती, हे एका भेटीत कळत नाही. त्याच माणसाला पुन्हा मोजावं लागतं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९९२ पासून हेच चालवलंय, दर दोन वर्षांनी. आपल्याकडे मुंबईच्या देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था 'लासी' हा वाढत्या वयाबद्दलचा देशव्यापी अभ्यास करते. त्याच्या २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरची आणि त्यांचे जोडीदार अशी ७२ हजारांवर माणसं होती. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "लासी देश बघतं, तू तीन गावं बघ. पण नीट बघ."

लासीने साठीऐवजी ४५ पासून सुरुवात का केली, हे मला फार उशिरा उमगलं. साठीत दिसणारं दुखणं पन्नाशीत सुरू झालेलं असतं. मी ६० ची अट घातली आणि ती सुरुवात माझ्या हातून निसटली. तुम्हाला निवड असेल तर वयाची अट खाली आणा.

परवानगी: फेब्रुवारी ते जून २०१९

माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीकडे ११ फेब्रुवारीला अर्ज दिला. दोनदा परत आला. पहिल्यांदा रडू आलं होतं, पण आज वाटतं की समितीच्या प्रश्नांनीच माझा अभ्यास वाचवला. त्यांनी विचारलं, उदासीच्या प्रश्नांना कुणाची उत्तरं काळजी वाटावी अशी आली तर त्यांना कुठे पाठवणार? सून मारते असं एखाद्या आजीने सांगितलं तर तुम्ही काय करणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग दहिवडीच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन बोलले. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण अधिनियम वाचला, त्याखालचं न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवर असतं हे समजून घेतलं, आणि कुठल्या परिस्थितीत कुणाकडे जायचं याचं एक पान तयार केलं. पुढे एल्डरलाइनचा १४५६७ हा मोफत क्रमांक सुरू झाला, तोही त्या पानावर आला.

संमतीपत्राबद्दलही सूचना होत्या. मोठा टाइप, दीड पानांपेक्षा जास्त नको, लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठा आणि घराबाहेरचा एक साक्षीदार. शिवाय एक वाक्य मॅडमनी आग्रहाने घालायला लावलं: 'मी पुन्हा दोन वर्षांनी आणि चार वर्षांनी येईन, आणि तेव्हा तुम्ही नाही म्हणू शकता.' परत येण्याची संमती पहिल्याच दिवशी मागून ठेवा. मागाहून मागायची तर सगळा कागद नव्याने करावा लागतो.

मंजुरी २१ जूनला आली. चार महिने गेले. वेळापत्रक करताना सहा धरा.

शब्दांची जुळवाजुळव

प्रश्नावली लासीच्या धर्तीवर होती: घर, जमीन, उत्पन्न, आजार, औषधं, आठवण, मनःस्थिती, आणि शेवटी उंची, वजन, रक्तदाब, हाताची पकड व चार मीटर चालायला लागणारा वेळ. लासीत बोटाला टोचून रक्ताचे थेंबही कागदावर घेतात. ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

मराठी भाषांतर मी आठवड्यात केलं होतं. शेजारच्या गावात १५ जणांवर करून पाहिलं आणि ते कोसळलं. 'गेल्या आठवड्यात तुम्हाला किती वेळा उदास वाटलं?' या प्रश्नावर सगळे माझ्याकडे बघत राहायचे. एक आजी म्हणाल्या, "उदास न्हाय बाई. जीव लागत न्हाय कशात." तेच मोजायचं होतं. 'जीव लागत नाही', 'मन रमत नाही', 'घोर लागतो' हे शब्द प्रश्नात आले आणि उत्तरं सुरू झाली. भाषांतरासाठी किमान दोन महिने ठेवा. आणि एकदा ठरलेला शब्द पुढच्या फेऱ्यांत बदलू नका, नंतर कितीही चांगला सुचला तरी. शब्द बदलला तर माणूस बदलला की प्रश्न, हे सांगता येत नाही.

'तुम्ही कुणासोबत राहता?' या प्रश्नाला पर्याय होते एकटे, जोडीदार, मुलगा, मुलगी, इतर. तिसऱ्याच घरी एक आबा म्हणाले, "झोपतो थोरल्याकडं, जेवाण पाळीनं." एक महिना थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. फेब्रुवारीत कुणाच्या वाट्याला दिवस कमी येतात, हेही त्यांच्या घरी बोललं जायचं. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, ही आमची व्याख्या. मग या आबांचं कुटुंब कुठलं? 'पाळीने' असा वेगळा पर्याय घातला आणि या महिन्यात कुणाची पाळी आहे हेही नोंदवलं. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण त्या एका पर्यायातून निघालं.

पहिली फेरी: नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२०

स्वारगेटहून फलटणमार्गे दहिवडी, तिथून वडापच्या जीपने गाव. दहिवडीत महिना अडीच हजारांची खोली घेतली. मदतीला स्थानिक महाविद्यालयातल्या दोन मुली होत्या, रोज ४०० रुपये आणि जेवण. मतदार यादीवरून साठीपुढची नावं काढली, गावातल्या आशा सेविकांबरोबर फिरून ती तपासली आणि त्यातून ठराविक अंतराने निवड केली.

यादीतल्या वयावर विसंबू नका. कितीतरी जणांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण कुणीतरी अंदाजाने साल घातलेलं असतं. आम्ही घटनांवरून वय काढायचो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का? बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होता का, तेव्हा पदरात किती मुलं होती? बाहत्तर म्हटलं की लोक बोलत सुटायचे. सुकडी, लाल मिलो, तलावाचं काम. अर्धा तास जायचा, पण वयही मिळायचं आणि ओळखही व्हायची.

पहिलं वाक्य कायम एकच: "मी सरकारकडून आलेले नाही, यातून कुठली योजना मिळणार नाही." तरीही श्रावणबाळच्या पैशांचं काय झालं, हे विचारलं जायचंच. ज्यांचे अर्ज अडकले होते त्यांना तहसीलमध्ये कुणाला भेटायचं एवढं सांगायचे. खोटी आशा दाखवायची नाही हे मी स्वतःला रोज बजावत होते, कारण मला याच दारात परत यायचं होतं.

एकांत मिळवणं अवघड. सासूबाईंना प्रश्न विचारत असताना सून दारात उभी, मुलगा पायरीवर. आमचा उपाय साधा होता. दोघी जाणार, एक जण घरातल्यांना घेऊन ओसरीवर जमीन-खर्चाचे प्रश्न विचारणार, दुसरी त्याच वेळी आजींजवळ आत बसणार. एकटीने हे जमत नाही.

पकड मोजायचं यंत्र साडेचार हजारांना घेतलं. चार मीटरची रेघ चुन्याने आखायचो, शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळासमोरच्या फरशीवर, सगळ्यांना अनवाणी चालवून. कुणाला कुठे चालवलं हे लिहून ठेवलं, म्हणून पुढच्या वेळी तीच फरशी वापरता आली. यंत्रही तिन्ही फेऱ्यांना तेच.

एक चूक मोठी झाली. दिवाळीनंतर सुरुवात केली आणि तोवर मेंढपाळांची बरीच कुटुंबं कोकणाकडे निघून गेली होती. धनगरवाड्यांवरची फक्त अगदी थकलेली माणसं मागे होती. त्यामुळे माझ्या नमुन्यात त्या समाजातले धडधाकट वृद्ध कमीच आहेत. प्रबंधात तसं स्पष्ट लिहिलंय. गावाचं वर्ष आधी समजून घ्या, मग आपलं वेळापत्रक करा.

एकूण २१२ जण. खर्च ८१ हजार. शिष्यवृत्तीचा हप्ता ११ महिने रखडला होता, त्यामुळे बहुतेक पैसे आईच्या बचतीतले.

मधला काळ

पॅनेल टिकतं की मोडतं ते दोन फेऱ्यांच्या मध्ये ठरतं. प्रत्येकाकडून तीन संपर्क घेतले होते: एक गावातला, एक पुण्या-मुंबईतला, एक नात्यातला. अनुभव सांगते, लग्न होऊन गेलेल्या लेकीचा नंबर सगळ्यात भरवशाचा. मुलगे सिमकार्ड बदलतात, भाड्याची खोली बदलतात. आई कुठे आहे, कुणाकडे आहे, कशी आहे, हे लेकीला माहीत असतं.

भेट म्हणून पैसे द्यायचे नाहीत असं समितीने सांगितलं होतं. मी मोठ्या आकड्यांचं एकपानी भिंतीचं कॅलेंडर छापून घेतलं, नगाला १८ रुपये. खाली माझं नाव, फोन, आणि 'आम्ही पुन्हा दिवाळीनंतर येऊ' ही ओळ. चार वर्षांनीही ती पानं भिंतीवर होती. वर्ष उलटलं तरी फोन नंबरासाठी ठेवलेली.

मग मार्च २०२० आला. वर्षभर मी पुण्यात आणि माझी माणसं तिकडे. फोनवर सर्वेक्षण करायची सूचना आली होती. जानेवारी २०२१ मध्ये करून पाहिलं. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला दहा शब्द सांगून ते आठवायला लावणं म्हणजे आठवणीची नव्हे, कानाची परीक्षा. नातू फोन स्पीकरवर टाकायचा आणि मागून उत्तरं सांगायचा. ते सोडून दिलं. फक्त ख्यालीखुशाली विचारली आणि संपर्क ताजे केले. त्याच महिन्यात लासीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी मी तिथली मूळ माहिती मागवली: अर्ज, मॅडमच्या सहीचं हमीपत्र, विषयाचा गोषवारा. तीन आठवड्यांत मिळाली, पैसे लागले नाहीत. पुढचे दोन महिने फाइली एकमेकींना जोडण्यात आणि भारांकन, म्हणजे कुणाचं उत्तर किती जणांच्या वतीने मोजायचं, ते समजून घेण्यात गेले. स्वतःचं क्षेत्रकाम जमणार नसेल तर हा रस्ता खरोखर चांगला आहे.

दुसरी फेरी: नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२२

दोन डोस घेतले, बदललेल्या पद्धतीची परवानगी घेतली, आणि निघायच्या वेळी एसटीचा संप सुरू झाला. तो पुढे एप्रिलपर्यंत चालला. जीप भाड्याने घ्यावी लागली आणि फेरीचा खर्च १ लाख १२ हजारांवर गेला. पण खर्चापेक्षा मोठी अडचण उत्तरांमध्ये होती. 'गेल्या महिन्यात गावाबाहेर किती वेळा गेलात?' याला घरोघरी एकच उत्तर, "येष्टीच न्हाय." म्हातारपणामुळे फिरणं थांबलं की गाडी नाही म्हणून? समासात प्रत्येक मुलाखतीला नोंद केली. मग २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली, मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धं तिकीट आलं, आणि तिसऱ्या फेरीत त्याच प्रश्नाची उत्तरं पुन्हा हलली. भोवतालच्या घटनांची तारीखवार डायरी ठेवा. ती नसती तर हे आकडे मला वाचताच आले नसते.

या फेरीत १८७ भेटले. तिघांनी नकार दिला. आठ जण मुलांकडे गेले होते किंवा सापडले नाहीत. चौदा जण वारले होते.

त्या चौदा घरांबद्दल मला कुणी तयार केलं नव्हतं. यादीवर नाव, हातात टॅबलेट, आणि दारात हार घातलेला फोटो. पहिल्या अशा घरी मी काही न विचारता तासभर बसले, चहा घेतला आणि परत आले. मिशिगनच्या अभ्यासात माणूस गेल्यावर घरच्यांशी एक वेगळी मुलाखत घेतात: शेवटचे दिवस कसे गेले, कुणी केलं, खर्च किती आला. मी तसा अर्ज समितीला दिला, सात आठवड्यांत परवानगी मिळाली, आणि वर्षश्राद्ध उलटल्याशिवाय जायचं नाही असा नियम स्वतःला घातला. हा अर्ज पहिल्या मंजुरीतच घाला. वृद्धांचा पॅनेल करणार असाल तर मृत्यू होणार आहेत, आणि गेलेल्यांना वगळलं तर तुमच्या आकड्यांत उरलेल्या सगळ्यांची तब्येत उगाच बरी दिसते.

तिसरी फेरी: नोव्हेंबर २०२३ ते जानेवारी २०२४

आता दारात ओळख होती. "आलीस व्हय गं? बस." आणखी सतरा जण गेले होते. हयात १८१ पैकी १६९ भेटले, त्यात मागच्या वेळी निसटलेले काहीजण होते. दोघांसाठी मी मानखुर्दला आणि एकीसाठी पिंपरीला जाऊन आले. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत चार मीटर चालायला जागा नव्हती, रकाना रिकामा ठेवला. अंदाजाने भरला नाही.

एक आबा होते, २०१९ मध्ये दहापैकी सात शब्द त्यांनी लगेच परत सांगितले होते आणि वर मलाच उलट विचारून माझी परीक्षा घेतली होती. या वेळी दोन शब्द सांगून ते थांबले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. आजींनी ओठांनी एक शब्द सुचवला. नियमाने मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही, पण तो शब्द मोजलाही नाही, आणि खोलीवर येऊन खूप रडले. त्यांच्या मुलाला रुग्णालयाची चिठ्ठी दिली. पुढच्या भागासाठी आजींचीच उत्तरं घेतली. स्वतः सांगू न शकणाऱ्यासाठी जवळच्या माणसाचा वेगळा फॉर्म असतो, तो पहिल्या दिवसापासून तयार ठेवा.

खर्च ९४ हजार. तिन्ही फेऱ्या मिळून २ लाख ८७ हजार.

जोडणी आणि सादरीकरण

माहिती कोबो टूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या अ‍ॅपवर घेतली होती. मोफत आहे आणि नेटवर्क नसताना चालतं. तिन्ही फेऱ्या जोडताना एका आजींची उंची दोन वर्षांत सहा सेंटीमीटरने वाढलेली दिसली. शोधलं तर दोन चुलत जावा, शेजारी घरं, नाव एक, आडनाव एक. दुसऱ्या फेरीत दोघींचे क्रमांक अदलाबदल झाले होते. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की नावावर जोडणी करूच नये. घराचा क्रमांक, व्यक्तीचा क्रमांक, आणि दर भेटीत जुन्या फेरीतल्या एका गोष्टीची खात्री, जसं माहेरचं गाव.

मात्र प्रत्येक विसंगती चूक नसते. एका आजींची मुलं पहिल्या फेरीत चार होती, तिसऱ्या फेरीत पाच. परजातीत लग्न केलेल्या लेकीचं नाव त्यांनी आधी घेतलं नव्हतं. कितीतरी आबांची जमीन चार एकरांवरून शून्यावर आली होती, कारण मधल्या काळात वाटण्या झाल्या. आणि वाटणीनंतरच पाळी सुरू झाली. आधी जमीन नावावर होती तेव्हा जेवायला कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता. एकाच फेरीत हा क्रम मला दिसला नसता.

प्रबंध ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला. परीक्षकांचे अहवाल यायला पाच महिने लागले, तेवढे सगळ्यांनीच धरून चालावे.

मे महिन्यात तिन्ही गावांत जाऊन प्रत्येकाला त्याचं कार्ड दिलं: तिन्ही वेळचा रक्तदाब, वजन, पकड, मोठ्या अक्षरांत. देवळासमोर बसून निष्कर्ष सांगितले. जेवणाच्या पाळीबद्दल मी बोलायला लागले तसे पुरुष गप्प झाले. मागच्या बाजूने एक आजी म्हणाल्या, "जमीन नावावर हाय तवर पंगत हाय, ह्ये लिव्हलंस का?" लिहिलंय, असं सांगितलं.

आता एक काम उरलंय. मूळ मंजुरीप्रमाणे नावं, पत्ते आणि संपर्क असलेली वही प्रबंध झाल्यावर एक वर्षाने नष्ट करायची आहे. ती सध्या विभागातल्या कुलूपबंद कपाटात आहे, किल्ली मॅडमकडे. वही गेली की चौथी फेरी कायमची गेली. हयात असलेल्या सगळ्यांना मी कार्ड देतानाच विचारलं, १५३ जणांनी नव्या कागदावर सही-अंगठा दिलाय. वही आणखी पाच वर्षं ठेवण्याचा अर्ज त्या कागदांसह समितीकडे गेलाय.